परिषदेत बोलायला अर्ज करू का? (पायथॉन, पासबुक आणि एक आडनाव)

दांडियाबाजारची
नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिला धागा काढते आहे.

मी बडोद्यात एका पतपेढीत नोकरी करते. शिक्षण बी.कॉम. आधी हिशेबाचं टेबल होतं, आता चार वर्षं तिथलंच संगणकाचं काम बघते. पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा घरी शिकले, रात्री ओटा आवरून झाला की तासभर.

मागच्या वर्षी आम्ही पासबुकावर नावं देवनागरीत छापायला सुरुवात केली. आठवड्याभरात एक आजी आल्या. पासबुक काउंटरवर उघडून ठेवलं, नावाच्या ओळीवर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "हा क्ष कोण गं? शाळेत गणितात असायचा तो?" ओळीवर छापलं होतं 'लक्ष्मीबाई क्ष'. (नाव मी बदललंय, धाटणी तीच.) क्षीरसागरांचं उरलेलं आडनाव गायब!

दोन रात्री शोधलं तेव्हा कळलं. नावाच्या रकान्याला ४० बाइटांची मर्यादा होती. (बाइट म्हणजे संगणकातल्या साठवणुकीचं माप.) इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटात बसतं. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची आजची नेहमीची पद्धत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, पाय मोडायची खूण ही सगळी वेगळी चिन्हं. लक्ष्मीबाईत चिन्हं १०, म्हणजे ३० बाइट. मधली मोकळी जागा १. उरले ९. त्यात क, पायमोड आणि ष बसले, रकाना भरला.

मला वाटतं हे पायकॉन इंडियात, म्हणजे पायथॉन वापरणाऱ्यांच्या देशभरच्या परिषदेत, सांगावं. प्रस्ताव मागवले की पाठवायचा विचार आहे. पण तिथे बोलणारे सगळे अभियंते असणार. माझ्यासारखीने अर्ज करावा का? आणि करायचा तर त्यात लिहायचं काय?

आळशी_पोपट
करा! 'हा क्ष कोण गं' एवढ्यावरच मी तिकीट काढून येईन.

सयाजीगंज_कोडर
ताई, खरं बोलतो, राग मानू नका. मी तीनदा अर्ज केलाय, तिन्ही वेळा नकार. मोठ्या परिषदांत मोठ्या कंपन्यांचे लोक निवडले जातात. आणि यूटीएफ-८ वर शेकडो भाषणं होऊन गेलीत. तुमचा वेळ वाचावा म्हणून सांगतोय.

माळव्याचा
इंदूरहून लिहितो. आमच्याकडे होणाऱ्या एका छोट्या मेळाव्याचे प्रस्ताव मी दोन वर्षं वाचतोय, तेव्हा टेबलाच्या पलीकडून सांगतो.

कोडरभाऊ, तुम्ही म्हणता ते निम्मं खरं आहे. यूटीएफ-८ वर भाषणं झालीत. पण 'यूटीएफ-८ची ओळख' हा एक प्रस्ताव आणि 'माझ्या पतपेढीत आजीबाईंचं आडनाव कापलं गेलं, ते मी असं शोधलं, असं दुरुस्त केलं' हा दुसरा. पहिला कोणीही लिहू शकतं, म्हणून तो दहा जण लिहितात. दहांतून एक घ्यायचा तर समिती ओळखीच्या, अनुभवी वक्त्याकडे झुकते आणि आपल्याला वाटतं वशिला चालला. दुसरा प्रस्ताव एकच बाई लिहू शकते.

आम्ही वाचताना तीन गोष्टी शोधतो. ऐकणारा उठून जाताना काय घेऊन जाईल, बोलणाऱ्याने हे स्वतः हाताळलंय का, आणि दिलेल्या वेळात ते मावेल का. पदवी काय, हा प्रश्न आमच्या बैठकीत मला एकदाही ऐकू आलेला नाही. कितीतरी परिषदांत पहिल्या फेरीत नावं झाकूनच प्रस्ताव वाचतात.

ग्वाल्हेरकर
वशिल्याच्या मुद्द्यावर एक आठवलं. अमेरिकेतल्या पायकॉनमध्ये २०११ साली स्त्रियांनी दिलेली भाषणं होती १ टक्का. २०१६ मध्ये तोच आकडा ४० टक्के. तिथे विविधतेचं काम बघणाऱ्या जेसिका मॅककेलर यांनी तेव्हा हे आकडे मांडले होते. मधल्या काळात आयोजकांनी मेहनत घेऊन एकेका स्त्रीला वैयक्तिक पत्रं लिहिली, अर्ज करा म्हणून मागे लागले, प्रस्ताव लिहायला मदत केली. म्हणजे बोलण्यासारखं असलेल्या बायका आधीही होत्या, त्यांचा अर्जच येत नव्हता.

तर दांडियाबाजारची ताई, तुम्हाला कोणी पत्र लिहिलं नसेल तर हे घ्या. अर्ज करा.

दांडियाबाजारची
ग्वाल्हेरकर, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. धन्यवाद.

कोडरदादा, राग अजिबात नाही. तुमचे तीन प्रस्ताव कशावर होते? सांगितलंत तर मलाही शिकता येईल.

सयाजीगंज_कोडर
एक 'मायक्रोसर्व्हिसेस संपूर्ण', एक 'पायथॉनमधलं समांतर काम: अथपासून इतिपर्यंत', आणि एक आमच्या कंपनीच्या उत्पादनावर. आता माळव्याचा यांचा प्रतिसाद वाचल्यावर जरा वेगळं दिसतंय खरं.

माळव्याचा
तिसरा तर आम्हीही परत केला असता. उत्पादनाची ओळख करून द्यायला प्रायोजकांचे स्टॉल असतात. सामुदायिक परिषद वर्गणीवर, तिकिटांवर आणि फुकट राबणाऱ्या स्वयंसेवकांवर चालते, तिथे जाहिरात ऐकली की लोक दुखावतात. पहिल्या दोन्हींत 'संपूर्ण' आणि 'अथपासून इतिपर्यंत' हेच शब्द आडवे आले. अर्ध्या तासात इति येत नाही. त्या समांतर कामात तुम्ही स्वतः कुठे अडला होतात? तेवढंच लिहा.

खंडेराव_मार्केट
पायकॉन इंडियाबद्दल माझा अनुभव. ही परिषद २००९ मध्ये बंगळुरात सुरू झाली, २०११ ला पुण्यात होती. मी पुण्याला श्रोता म्हणून गेलो होतो, पायथॉन घडवणाऱ्यांपैकी एक, रेमंड हेटिंगर यांचं बीजभाषण ऐकलं. नंतर दिल्ली, हैदराबाद, चेन्नई असं फिरत राहिली. एका वर्षी मीही अर्ज केला. तेव्हा प्रस्ताव सगळ्यांना उघड दिसायचे, लोक मत द्यायचे, खाली प्रतिक्रिया लिहायचे. अर्जात शीर्षक, वर्णन, ऐकणाऱ्याला आधी काय यायला हवं, स्लाइडचा किंवा कोडचा दुवा, बोलणाऱ्याची ओळख, आणि विषय नवख्यांसाठी की मुरलेल्यांसाठी, एवढं भरायचं होतं. मी दुव्याची जागा रिकामी सोडली. खाली पहिलीच प्रतिक्रिया आली, 'स्लाइड कुठे आहेत?' मी म्हटलं निवड झाली की करीन. झाली नाही.

ताई, पूर्ण स्लाइड नकोत, पण पाच-सहा तरी कच्च्या करून जोडा. अर्ज करणारी विषयात उतरली आहे हे त्यावरून दिसतं.

निवृत्त_तारमास्तर
मी पंचाहत्तरीचा आहे. संगणकातलं कमी कळतं, पण अक्षरं मोजण्यातच सगळी नोकरी सरली. तारेचे पैसे शब्दांवर आकारायचे. लोक खिडकीशी उभे राहून बोटांवर शब्द मोजायचे, एखादा शब्द कापायचे, पुन्हा मोजायचे. 'आई गंभीर ताबडतोब या' यातला 'ताबडतोब' एका माणसाने खोडून पैसे वाचवले होते, मी तो माझ्या पदरचे घालून परत घातला. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली त्या दिवशी मला त्याचीच आठवण आली.

माझा प्रश्न असा. संगणक नेमकं काय मोजतो? मला तर लक्ष्मीबाईत चारच अक्षरं दिसतात. ल, क्ष्मी, बा, ई.

आळशी_पोपट
मास्तर, तुम्ही घातलेला तो एक शब्द. __/\__

दांडियाबाजारची
काका, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला.

आणि प्रश्न अगदी बरोबर जागी विचारलात, माझं सगळं बोलणं तिथेच आहे. पायथॉनला लांबी विचारली तर तो १० सांगतो, कारण तो चिन्हं मोजतो. साठवताना ३० लागतात, कारण ते बाइट. तुम्ही आणि मी ४ म्हणतो. तीन माणसं, तीन उत्तरं, आणि प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर.

मोबाइलच्या एसेमेसमध्येही हेच आहे. इंग्रजीत १६० अक्षरं जातात, देवनागरीत लिहिलं की ७० चिन्हांवर मर्यादा. पतपेढीच्या हप्त्याचा मराठी निरोप म्हणूनच दोन-तीन तुकड्यांत जातो आणि बिल वाढतं.

युनिकोडवेडी
ताई, अजून एक उत्तर आहे, ते सोडू नका! युनिकोडमध्ये (जगभरच्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं प्रमाण) 'माणसाला एक वाटणारं अक्षर' कुठे तोडायचं याचे नियम आहेत. जुन्या नियमांत पायमोडीनंतर तोड पडायची, म्हणजे क्ष्मीचे तीन तुकडे, क्, ष्, मी. त्या हिशेबाने लक्ष्मीबाई ६. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये नियम बदलला, देवनागरी, गुजराती, बंगाली अशा काही लिप्यांची जोडाक्षरं आता एकत्र राहतात. नव्या नियमाने ४. मास्तरांच्या बोटांनी जे मोजलं ते युनिकोडच्या नियमांत लिहून यायला २०२३ उजाडलं.

तुमच्या संगणकावर कुठली आवृत्ती आहे त्यावर ६ येणार की ४ ते ठरेल. हे प्रत्यक्ष चालवून दाखवलंत तर सभागृहात कोणी मोबाइलकडे बघणार नाही.

दांडियाबाजारची
हे मला माहीतच नव्हतं. दुपारच्या सुट्टीत करून बघितलं. ऑफिसच्या संगणकावरच्या जुन्या लायब्ररीने (तयार कोडचा संच) ६ सांगितलं, घरच्या नव्याने ४! एकच नाव, एकच ओळ.

माळव्याचा
अहो, मग शीर्षक झालं की. 'लक्ष्मीबाईत अक्षरं किती? ३०, १०, ६ की ४'.

ग्वाल्हेरकर
+१. हेच ठेवा, एक शब्दही हलवू नका.

मोडीप्रेमी
अवांतर होईल, पण बडोद्याचा विषय निघालाय म्हणून लिहितो. संस्थानाच्या जुन्या दप्तरात मोडी कागद आहेत, आणि मोडी लिपी युनिकोडमध्ये आली २०१४ मध्ये, आवृत्ती ७.० मध्ये. आता फॉन्टही आहे. ताईंनी शेवटी एक स्लाइड मोडीवर ठेवावी असं मला मनापासून वाटतं. बडोद्याच्या बाईने बोलायचं आणि मोडीचं नाव नाही, हे बरं दिसत नाही.

माळव्याचा
मोडीप्रेमी, तुमचं प्रेम समजतं, तरी मी विरोध करतो. अर्ध्या तासात एक आजी, एक रकाना, चार उत्तरं आणि दुरुस्ती. मोडी आली की भाषण दोन दगडांवर पाय ठेवून उभं राहील. मोडीचा वेगळा प्रस्ताव तुम्ही पाठवा.

मोडीप्रेमी
मी?

आळशी_पोपट
धाग्यातून दोन वक्ते निघाले. तिसऱ्यासाठी सेवऊसळ माझ्याकडून.

सयाजीगंज_कोडर
भाषेचं काय? शेवटी इंग्रजीतच बोलावं लागणार. माझं मत, ताईंनी आतापासून इंग्रजीत तयारी करावी.

खंडेराव_मार्केट
असहमत. पायकॉन इंडियात प्रस्ताव इंग्रजीत लिहावा हे ठीक, वाचणारे देशभरचे असतात. पण त्याआधी आपल्या गावात, आपल्या लोकांपुढे हेच मराठीत एकदा बोलावं. २०१८ ला साहित्य संमेलन बडोद्यात झालं तेव्हा मांडवात किती माणसं मराठी ऐकायला आली होती ते मी पाहिलंय. संगणकावर मराठीत बोललं तर कोण येणार, हे आपण न बोलावताच ठरवून टाकतो.

मोडीप्रेमी
आणि शब्द नाहीत म्हणू नका. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ मध्ये, बडोदा संस्थानाने राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश छापला. कारभार लोकांच्या भाषेत चालवायचा तर शब्द आधी बसवावे लागतात, हे त्यांना कळलं होतं. ताईंनी वर 'पायमोड' लिहिलं, ते मला इंग्रजी शब्दापेक्षा लवकर कळलं.

युनिकोडवेडी
मी इंग्रजीत बोलते आणि अडखळते. पण मला वाटतं अडखळणं चालतं, श्रोते सांभाळून घेतात. पाठ करून बोललेलं मात्र लगेच कळतं. पहिली दोन मिनिटं तेवढी घोटून ठेवा, पुढे वाट सापडते.

छोट्या मेळाव्यांत पाच मिनिटांची भाषणं असतात, बऱ्याचदा त्याच दिवशी नाव देता येतं. आधी तिथे बोला. पाच मिनिटांत ही गोष्ट सांगता आली तर अर्ध्या तासात नक्की येईल.

निशाचर
खर्चाचं कोणी बोलेल का? प्रवास, राहणं, रजा. सामुदायिक परिषदा मानधन देत नाहीत. वर्डकॅम्पमध्येही (वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसवाल्यांचे मेळावे) वक्ते स्वयंसेवक असतात, स्वखर्चाने जातात. पतपेढीतल्या पगारावर बंगळूर-हैदराबाद सोपं नाही. ज्याची कंपनी तिकीट काढून देते तोच बोलणार असेल तर बोलणारे त्याच थरातले राहतील.

ग्वाल्हेरकर
हा मुद्दा गंभीर आहे, धन्यवाद. काही परिषदा प्रवासाला मदत देतात, पण ती वेगळी मागावी लागते. डेबियन ही संगणकाची मुक्त प्रणाली बनवणाऱ्यांच्या वार्षिक परिषदेत तशी पद्धत आहे. २०२३ मध्ये ती कोचीला झाली, तेव्हा माझ्या एका मित्राला प्रवास आणि राहण्याची मदत मिळाली होती. त्याचा अर्ज वेगळा, मुदतही वेगळी. लोक भाषणाचा अर्ज करतात आणि मदतीचा राहून जातो, किंवा मागायला संकोचतात. संकोच करू नका, तो पैसा त्यासाठीच बाजूला ठेवलेला असतो. आयोजकांना निवडीआधीच साधं पत्र लिहून विचारायलाही हरकत नाही.

दांडियाबाजारची
आमच्या पेढीच्या सचिवांना रजेचं विचारलं. म्हणाले, "आपल्या पासबुकाची गोष्ट सांगणार? मग रजा कशाला, कामावर धरू." प्रवासाचं बघते.

कच्चा मसुदा देते. इंग्रजीत पाठवणार आहे, इथे मराठीत मांडते.

"आपल्या देशातले कित्येक प्रोग्राम नावाची लांबी मोजताना चुकतात. या भाषणात मी युनिकोडचा इतिहास, यूटीएफ-८, यूटीएफ-१६, फॉन्ट, कळफलक आणि देवनागरीतल्या अडचणी यांचा आढावा घेईन. शेवटी आमच्या संस्थेत आलेला एक अनुभव सांगेन."

माळव्याचा
ताई, स्पष्ट लिहितो. तुम्ही इथे पहिल्या दिवशी जे लिहिलंत ते या मसुद्याच्या दसपट चांगलं होतं. आजी शेवटी कशाला? आजीपासून सुरू करा. इतिहास, यूटीएफ-१६, फॉन्ट, कळफलक सगळं काढा. आणि कुठल्या भागाला किती मिनिटं ते लिहा, वाचणाऱ्याला त्यावरून कळतं की तुम्ही घड्याळ लावून विचार केलाय.

सयाजीगंज_कोडर
आणि शेवटी 'ऐकणारा घरी जाऊन काय करेल' हेही. स्वतःच्या रकान्याची मर्यादा बाइटांत आहे की चिन्हांत, ते त्याच रात्री तपासेल. मी काल रात्री तपासलं. आमच्याकडे बाइटांत आहे.

दांडियाबाजारची
पुन्हा लिहिलं.

"एका पतपेढीच्या पासबुकावर लक्ष्मीबाई क्षीरसागर यांचं नाव 'लक्ष्मीबाई क्ष' असं छापलं गेलं. या एका चुकीचा माग आपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढू. ५ मिनिटं: काउंटरवर काय घडलं. १० मिनिटं: एकाच नावाची लांबी ३०, १०, ६ आणि ४ कशी येते, प्रत्यक्ष चालवून. १० मिनिटं: नाव कापायचंच असेल तर अक्षर न मोडता कसं कापावं, आमच्याकडची दुरुस्ती आणि तिच्यात आधी झालेली माझी चूक. ५ मिनिटं: प्रश्न. ऐकणाऱ्याला थोडं पायथॉन यावं, देवनागरी वाचता आली नाही तरी चालेल. घरी जाऊन आपला प्रोग्राम तपासायला चार नावांची यादी देईन."

युनिकोडवेडी
'देवनागरी वाचता आली नाही तरी चालेल' हे सर्वांत आवडलं. तमिळ, बंगाली बोलणारेही येतील, त्यांच्याही नावांचं हेच होतं.

माळव्याचा
आता पाठवा. शेवटच्या रात्रीची वाट बघू नका, सगळे तेव्हाच पाठवतात आणि वाचणारे थकलेले असतात.

निवृत्त_तारमास्तर
मुली, घड्याळ लावून एकदा मला फोनवर बोलून दाखव. मला समजलं तर सगळ्यांना समजेल.

दांडियाबाजारची
काकांना काल बोलून दाखवलं. २७ मिनिटं झाली, प्रश्न धरायचे तर दोन जास्त. बाइट म्हणजे काय यावर त्यांनी मला दोनदा थांबवलं, तो भाग बदलला.

प्रस्ताव लिहून तयार आहे, सहा कच्च्या स्लाइड जोडल्यात. प्रस्ताव मागवले की पहिल्याच दिवशी जाईल. त्याआधी पुढच्या रविवारी इथल्या एका छोट्या मेळाव्यात पाच मिनिटांसाठी नाव दिलंय, मराठीत. कोडरदादाही त्याच यादीत आहेत.

सयाजीगंज_कोडर
हो. विषय: समांतर कामात मी कुठे अडलो. फक्त तेवढंच.

मोडीप्रेमी
माझं नावही घाला. मोडी, पाच मिनिटं.

निशाचर
एक राहिलं. त्या आजींचं पुढे काय झालं?

दांडियाबाजारची
चौथ्या दिवशी नवं पासबुक दिलं. आजींनी चष्मा लावून पूर्ण नाव मोठ्याने वाचलं, एकेक अक्षर सुटं करत, क्षी, र, सा, ग, र. मग शेजारच्या बाईंनाही दाखवलं, आणि पासबुक पिशवीत भाजीच्या वर ठेवून गेल्या.